बेण्याला ठेवलेली बदकं

त्या नराला आवाज नव्हता, हे मला पहिल्याच संध्याकाळी खटकलं. बदक म्हटलं की कलकल आलीच. आमच्या बदकांचा गोंगाट तर थेट रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. हा मात्र पाटीतून उतरला, मान पुढेमागे हलवत उभा राहिला आणि नुसता फुसफुसला. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, फोडाफोडांचं मांस. पाय बदकाचे, पण बोटांना अणकुचीदार नख्या. दिवस कलला तशी बाकीची बदकं खुराड्यात शिरली आणि हा पंख फडकवून आंब्याच्या खालच्या फांदीवर जाऊन बसला. बदक झाडावर! माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कय आणलंस रे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"बदकच हाय, आये. मोठ्या वाणाचं."

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची विरारच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला शेतजमीन होती. तिथून नवऱ्याने तो नर हौसेने आणला होता. आईचं दुःख हलकं व्हावं एवढाच त्याचा हेतू. आपल्याकडे बहुतेक अनर्थ चांगल्या हेतूनेच घरात येतात आणि येताना पाटीत बसून येतात.

दुःख काय होतं ते आधी सांगायला हवं. मी मूळची विरारमधल्या फुलपाड्याची. वडील कोकणातून आलेले, मुंबईत नोकरी करणारे. आमच्या दोन खोल्यांत प्राणी म्हणजे पाल आणि झुरळ. मी शिकले जीवशास्त्र, ज्युनियर कॉलेजात शिकवतेही तेच, पण जिवंत कोंबडी हातात धरली ती लग्न होऊन गिरीजला आल्यावर. सासरी केळी-नारळाची वाडी, थोडी भाजी, आणि घरामागे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी त्यावर वाड्या शिंपायचे; आता बोअरचं पाणी आलं आणि बहुतेकांनी आपापली बावखलं बुजवून टाकली. आमचं राहिलं ते सासूबाईंच्या बदकांमुळे.

ती बदकं त्यांच्या माहेरची. लग्नात त्यांच्या वडिलांनी एक नर आणि चार माद्या पाटीत घालून, वर केळीचं पान बांधून लेकीबरोबर धाडल्या होत्या. माहेर नालासोपाऱ्याचं. तिथेही वाडी होती, बावखल होतं, तसलीच बुटकी, तपकिरी, बडबडी बदकं होती. मधूनमधून त्या भावाकडून नर बदलून आणायच्या, म्हणजे रक्त तेच राहतं आणि दोषही येत नाही. पुढे भावाने जमीन दिली, तिथे इमारती झाल्या. मी एकदा हौसेने त्यांना तिकडे घेऊन गेले. रिक्षातून उतरून त्या रस्त्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. आपलं घर कुठे होतं, विहीर कुठे होती, त्यांना काही म्हणता काही सांगता येईना. "चल घरी," एवढंच म्हणाल्या. माहेरचं म्हणून जे काय उरलं होतं ते आमच्या बावखलात पोहत होतं. त्या हे बोलून दाखवत नसत, पण आमच्या घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास रस्त्यापलीकडच्या नव्या बांधकामांकडून कुत्र्यांची टोळी आली. भल्या पहाटे आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो तोवर नर गेला होता आणि एक मादी. उरल्या तीन माद्या. सासूबाईंनी नराची पिसं गोळा केली आणि केळीच्या बुंध्याशी पुरली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

एकच आशा होती. आमची बदकं अंडी घालण्यात पटाईत, पण उबवण्याच्या नावाने शंख. म्हणून सासूबाई बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या. खुडूक म्हणजे जिला अंड्यांवर बसायची ओढ लागली आहे अशी. तिला काय, कुणाचीही अंडी चालतात. नर मेला तेव्हा अशी एक कोंबडी त्याच्याच अंड्यांवर बसलेली होती. पुनवेला बसवली की पुढच्या पुनवेच्या एक दिवस आधी फुटतात, हा सासूबाईंचा हिशोब. पुस्तकात अठ्ठावीस दिवस लिहिलेत, म्हणजे फरक नाहीच. त्याप्रमाणे नेमक्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. यात एखादा तरी नर असणार, तो मोठा झाला की सगळं पूर्ववत होणार, असं त्या म्हणत होत्या आणि ते बरोबरही होतं.

तेवढ्यात नवऱ्याने तो लाल तोंडाचा आणून सोडला. सासूबाई कुरकुरल्या. मग म्हणाल्या, असू दे, पोरगी खेळेल. चार दिवसांत त्याने तीनही माद्यांना असं काही दामटवलं की त्या बावखलात उतरायला भ्यायला लागल्या. तो त्यांना पाण्यात धरायचा तेव्हा त्यांचं डोकं पाण्याखाली जायचं आणि मला वाटायचं, आता ही बुडते. तो मात्र आवाज न करता बाजूला व्हायचा आणि काठावर येऊन पिसं झाडायचा.

वैशाखात सासूबाईंनी दुसरी कोंबडी बसवली, अकरा अंड्यांवर. पुनव आली. काही फुटलं नाही. पुनव झाली, दुसरा दिवस गेला. कोंबडी उठायला तयार नव्हती. सासूबाई म्हणाल्या, नासली सगळी, फेकून देते. मी म्हटलं, थांबा. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आम्ही कोंबडीची अंडी उजेडावर धरून बघतो. मी मोरीत अंधार करून मोबाइलची बॅटरी लावली, मुठीत अंडं धरून वर ठेवलं. आत गच्च काळं काहीतरी होतं आणि वरच्या पोकळीच्या कडेला ते हललं. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी अंडं कानाला लावलं. आतून टकटक ऐकू येत होती.

"जित्ती हायत," त्या कुजबुजल्या.

दोन दिवसांनी त्यातली पाच फुटली. म्हणजे चार दिवस उशीर. तेव्हापासून सासूबाईंचा माझ्या बॅटरीवर विश्वास बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सून अंड्यातला जीव बघते." मला ते आवडायचं. आठ-नऊ वर्षं त्या घरात मी "शिकलेली" म्हणून ओळखली गेले होते आणि त्या शब्दात कौतुक कमी, टोमणा जास्त असायचा. पहिल्यांदाच माझं शिक्षण वाडीत उपयोगी पडलं होतं. त्या अंड्यांना मी वाचवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

ती पाच पिल्लं बघता बघता वाढली. आषाढ सरेपर्यंत त्यांनी आपल्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठ्या असलेल्या सात जणांना मागे टाकलं. अंगाने भरलेली, मान जाड, पाठ रुंद. मोठमोठ्याने ओरडत नसत. घशातल्या घशात काहीतरी अर्धवट बोलत. पायांना नख्या, पण झाडावर चढायची अक्कल नव्हती. संध्याकाळी ती आंब्याखाली उभी राहून वर बघत राहायची. आपल्याला इथे काहीतरी करायचं होतं, पण काय ते आठवत नाही, असा त्यांचा अवतार. मला त्यांच्याकडे बघून कसंतरी व्हायचं. त्यांच्या बापाने तेवढ्यात माझ्या मुलीच्या पोटरीवर नख्यांनी ओरखडा काढला आणि नवऱ्याने त्याला जिथून आणला तिथे परत नेऊन सोडलं. गेला एकदाचा, असं मी म्हटलं. पण तो जायचा तेवढा कुठे गेला होता.

श्रावणात मी वर्गात फळ्यावर घोडा आणि गाढव लिहीत होते. दरवर्षी लिहिते. दोन वेगळ्या प्रजातींचा संकर, संतती खेचर. अंगाने दणकट, कामाला वाघ, पण वंध्य. आईकडून आलेली गुणसूत्रं आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं मिळून शरीर चालवायला पुरेशी असतात. पण त्या शरीराला स्वतःचं बीज तयार करायचं असतं तेव्हा त्या दोन संचांना एकमेकांसमोर जोडीने उभं राहावं लागतं. एका सदऱ्याची बटणं आणि दुसऱ्या सदऱ्याची काजं, असा तो मामला होतो. लागतच नाहीत. बीज धरत नाही. हे सगळं मी तोंडपाठ म्हणत होते आणि मध्येच माझा खडू थांबला. मला आंब्याखाली उभी असलेली ती पाच बदकं दिसली.

तास संपल्यावर ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक काढून बघितलं. होतं तसंच होतं. तो लाल तोंडाचा आपल्या बदकांच्या प्रजातीचा नव्हताच. मूळचा सातासमुद्रापलीकडचा, झाडावर राहणारा. त्याच्या अंड्यांना पस्तीस दिवस लागतात, आपल्यांना अठ्ठावीस. दोघांच्या संकराला मधले. म्हणून तो उशीर. आणि संकरातून झालेले नर-माद्या दोन्ही निकामी. माजावर येतील, जोडीने फिरतील, माद्या अंडीसुद्धा घालतील. पण त्यातून कधी काही निघणार नाही.

मी धावतच घरी आले म्हटलं तरी चालेल. खरं सांगते, काळजी कमी होती आणि आपल्याला काहीतरी कळल्याचा आनंद जास्त होता. पडवीत सासूबाई शेजारणीबरोबर बसल्या होत्या. शेजारीण ख्रिस्ती, त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण. केळीची पानं न्यायला आली होती. मी चप्पल काढता काढताच सुरू केलं. दोन प्रजाती, गुणसूत्रं, संकर, वंध्यत्व. वर्गात बोलते तशीच बोलले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आय वेगळी, बाप वेगळा, म्हणून त्यांना पिल्लं होनार नय?"

"हो."

"तू नि माझा पोर कय एका घरचे? तुला झाली ना पोर?"

शेजारीण एवढी हसली की तिने हातातली पानं खाली ठेवली. माझे कान तापले. आमच्या जातीबाहेरच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडून काय काय ऐकून घेतलं होतं ते सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "माणसं आणि बदकं यांत फरक असतो, आई."

"हाय ना. बदकं उलटून बोलत नय."

आता दोघीही हसल्या. त्यात विष नव्हतं, हे मला आज कळतं. चेष्टाच होती, तीही आपल्या माणसाची करावी तशी. पण मला बदकाच्या रांगेत बसवलं आणि तेही परक्या बाईसमोर, एवढंच मला दिसलं. मी आत गेले आणि पीठ मळताना मनाशी ठरवलं, यापुढे या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तो शब्द गिळून ठेवला. बघाच म्हटलं तुम्ही, तुमचं तुम्हाला कळेल तेव्हा कळेल.

आणि मी खरंच बोलले नाही. भाद्रपदात नाही, नवरात्रात नाही, दिवाळीत नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो आईला सांगेल आणि मग मला हवं असलेलं ते "कळणं" घडणार नाही. रोज सकाळी मी त्या पाच जणांना कोंडा घालत होते. त्या तीन जुन्या सोडल्या तर बारा बदकं माझ्या पायांभोवती गोळा व्हायची. सात लहान, पाच मोठी. मोठी लहानांना ढकलून पुढे घुसायची. मी बघत राहायचे.

आमच्याकडे नाताळला आजूबाजूच्या ख्रिस्ती घरांतून बदकांना मागणी असते. सासूबाई दरवर्षी नाताळाच्या आधी कळपाची निवड करतात. नियम त्यांच्या वडिलांचा. बावखलाला पाच झेपतात, तेव्हा पाचच ठेवायची. आणि ठेवायची ती सगळ्यांत थोर. वाडीतही तसंच चालतं. पहिला, सगळ्यांत मोठा दुधी बियाण्याला वेलावरच राखतात. दांडगं रोप बेण्याला, किरकोळ ते खायला. पिढ्यानुपिढ्या हा नियम कधी चुकला नव्हता, म्हणून तर त्यांची बदकं टिकली होती.

त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना पडवीत कोंडलं आणि एकेकाला उचलून हातावर तोलायला लागल्या. त्या वर्षी निवडीला वेळ लागायचं कारणच नव्हतं. पाच ठेवायची आणि पाच डोळ्यांत भरण्यासारखी होती. पण त्या रेंगाळल्या. लहान सातांतले दोन नर होते. शेपटीवर ते कुरळं पीस उगवलं होतं, त्यावरून कळतं. त्यांतला एक त्यांनी उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. बडबड चालूच होती त्याची.

"माझ्या बापाच्या नरासारखाच हाय," त्या म्हणाल्या. "पन लहान राहिला."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, कॉलेजला निघालेली, खांद्यावर पर्स.

"तू कय म्हणते? तीच मोठी ठेवू ना?"

त्यांनी विचारलं होतं. मला नेमकं, सरळ विचारलं होतं. कदाचित श्रावणातलं त्यांच्या डोक्यात कुठेतरी राहिलं असेल. मी पुन्हा एकदा सांगावं म्हणून त्या वाट बघत असतील. दोन वाक्यांचं काम होतं.

"तुम्हाला कळतं त्यातलं," मी म्हटलं. "मी काय सांगणार?"

त्यांनी तो नर पाटीत ठेवला. त्याच्यावर दुसरा, मग माद्या, मग त्या तीन जुन्या, आता अंडी कमी घालणाऱ्या. दहा झाली. तीन घरांतली माणसं येऊन घेऊन गेली. मी फाटकापाशी त्यांना वाट करून दिली. पाटीतून कलकल ऐकू येत होती, ती वळणापर्यंत ऐकू आली. मग वाडी शांत झाली. इतकी शांत वाडी मी तोवर कधी पाहिली नव्हती. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

नाताळच्या दुपारी शेजारणीकडून ताट आलं. करंज्या, केक, आणि झाकलेल्या वाडग्यात बदकाचं कालवण. सासूबाईंनी चवीने खाल्लं. "कवळं हाय," म्हणाल्या. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

पौषात त्या पाच जणांना माज आला. दोन नर माद्यांमागे बावखलभर फिरायचे, अगदी रीतसर. सासूबाई काठावर उभं राहून समाधानाने बघायच्या. माद्यांनी अंडीही घातली. मोठी, पांढरीशुभ्र, हातात घेतली की जड. एखाद्या गोष्टीत काही म्हणता काही खोट दिसत नसावी आणि तरी ती आतून संपलेली असावी, हे रोज सकाळी मी बघत होते. आता सांगून तरी काय उपयोग, असं मी स्वतःला समजावत होते. दहा बदकं तर गेली. सांगितलं तर एकच गोष्ट कळणार होती, ती म्हणजे मी.

माघी पुनवेला त्यांनी कोंबडी बसवली, अकरा अंड्यांवर. भावाला फोन लावला. "बापाची बदकं बसवलीत. पिल्लं झाली की दोन तुला." तिकडून भाऊ काहीतरी म्हणाला, बहुधा आपल्याकडे आता गॅलरीच तेवढी आहे असं. "गॅलरीत ठेव," सासूबाई म्हणाल्या आणि खूप दिवसांनी खळखळून हसल्या.

सातव्या दिवशी मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. खेचर वंध्य का असते, कारण द्या. बऱ्याच मुलांनी बरोबर लिहिलं होतं. सासूबाई पदराखाली अंडं घेऊन आल्या.

"बॅटरी लाव गं. धरलंय कय बघ."

मोरीत अंधार केला. सातव्या दिवशी जीव धरलेल्या अंड्यात मधोमध लाल ठिपका आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या बारीक शिरा दिसतात. त्या अंड्यात काही नव्हतं. नितळ, पिवळा उजेड. त्या माझ्या खांद्याला खेटून उभ्या होत्या, त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. त्यांची नजर आता अधू झालीय. उजेड दिसतो, शिरा दिसत नाहीत.

"कय?"

"अजून नीट कळत नाही," मी म्हटलं.

श्रावणातला तो राग होता, नाताळातही रागच होता. हे खोटं मात्र निव्वळ भीतीचं होतं. मी परत येऊन पेपर तपासायला बसले आणि बरोबर उत्तरांना गुण देत राहिले.

होळी आली. काही फुटलं नाही. सासूबाई मुळीच घाबरल्या नाहीत. "ही उशिरा फुटनारी हायत," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला नय का चार दिस लागले?" चार दिवस गेले. मग त्या म्हणाल्या, बापाच्या बाजूने आणखी तीन लागत असतील. पस्तीस दिवस झाले. तेही गेले. कोंबडी फक्त दाण्यापुरती उठायची. तिच्या छातीचं हाड बोटाला लागायला लागलं, तुरा पांढरट पडला. तिला उठवा म्हटलं तर सासूबाई माझ्यावरच उखडल्या. बदकाच्या अंड्यांना शेवटी ओल लागते म्हणून त्या रोज संध्याकाळी तळहातावर पाणी घेऊन शिंपायच्या आणि एकेक अंडं कानाला लावायच्या. अडतिसाव्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला.

"आत चुळबुळ हाय," त्या म्हणाल्या. "तू ऐक."

मी अंडं कानाला लावलं. खरंच काहीतरी ऐकू येत होतं. अगदी बारीक, फसफसल्यासारखं. आत काय चाललंय ते मला समजलं. मी अंडं हलकेच खाली ठेवलं. तरीही बोलले नाही.

चाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो. पडवीत फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि कोंबडी किंचाळत बाहेर पळाली. पाठोपाठ घाण आली. ती कशी होती ते मी लिहीत नाही. मुलगी नाक धरून अंगणात पळाली आणि तिथे ओकली. टोपलीतल्या पेंढ्यावर हिरवट-काळं पाणी पसरलं होतं. सासूबाईंनी शांतपणे एक अंडं उचललं, अंगणात नेऊन दगडावर फोडलं. मग दुसरं. मग तिसरं. अकराही. एकातही पिल्लाचं हाड नव्हतं, पीस नव्हतं. पाणीच पाणी. त्या प्रत्येक फुटलेल्या अंड्यात काडीने ढवळून बघत होत्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. या वेळी गुणसूत्रं नाही की प्रजाती नाही. म्हटलं, आई, यांतून कधीच काही निघणार नव्हतं. या पाचांतून पुढे काही होणार नाही. मला ठाऊक होतं. त्या दिवशी बॅटरीत दिसलं होतं. आणि नाताळालाही मला ठाऊक होतं.

त्यांनी काडीने शेवटच्या अंड्यातलं पाणी पुन्हा ढवळलं. मग म्हणाल्या, "पाकिटातलं हायब्रिड वांगं लावतो, ते कसं थोर होतं. त्याचं बी आपन धरतो कय? नय धरत. धरलं तं वांझ जातं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं सांगायचं होतंस. मला कळलं असतं."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी काडी टाकली, पदराला हात पुसला आणि विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"श्रावणात."

त्यांनी अंगठा करंगळीवर ठेवला. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पाचव्यावर, दहा बदकं पाटीतून गेली त्या महिन्यावर, अंगठा थांबला.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "पाच महिने माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस."

मग त्या उठल्या आणि खराटा आणायला गेल्या.